‘मला येत नाही’ आणि ‘मी ढ आहे’

मराठी शाळेने वर्णमालेतील एका अक्षरावर पिढ्यानपिढ्या अन्याय केलेला आहे. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या दोन हजारांहून अधिक वर्षांच्या प्रवासात बहुतेक अक्षरांनी आपली रूपे ओळखू येऊ नयेत इतकी बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होते तसेच राहिले. ज्याच्यावर काळाचा आणि संस्काराचा परिणाम होत नाही तो ‘ढ’, अशी या विशेषणाची उपपत्ती सांगण्याची प्रथा आहे. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. ती खरी असो वा रचलेली, तिच्यात दडलेला सिद्धान्त महत्त्वाचा आहे. एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हणताना त्याला आज काय येत नाही एवढेच सांगितले जात नाही. तो बदलणारा नाही, असे भाकीत त्या एका अक्षरात केले जाते. आणि ज्याच्याविषयी हे भाकीत केले जाते त्याचे वय बहुधा आठ-दहा वर्षांचे असते.

याच भाषेत, याच विषयासाठी, एक अगदी वेगळी वाक्यरचनाही उपलब्ध आहे. ‘मला गणित येते’, ‘मला पोहता येत नाही’, ‘त्याला वाचायला येऊ लागले’ ही वाक्ये मराठी माणूस दिवसातून दहादा बोलतो आणि त्यांतील तत्त्वज्ञानाकडे त्याचे लक्षही जात नाही. या वाक्यांत ‘मी’ प्रथमेत नाही. तो चतुर्थीत आहे, काहीसा बाजूला, स्वागताच्या पवित्र्यात उभा. येणारे आहे ते गणित. ते आज आले नसेल तर उद्या येईल. निदान व्याकरणाची त्याला हरकत नाही. ‘मी हुशार आहे’ किंवा ‘मी ढ आहे’ या वाक्यांत मात्र ‘मी’ प्रथमेत येऊन बसतो, ‘आहे’ हे क्रियापद त्याला एका विशेषणाशी कायमचे बांधून टाकते आणि गणित वाक्यातून नाहीसे होते. शिकणाऱ्याची स्वतःविषयीची कल्पना आणि त्याची शिकण्याची प्रेरणा यांच्या संबंधाविषयी गेल्या शतकभरात मानसशास्त्राने जे अफाट लेखन केले त्याचा मोठा भाग या दोन वाक्यरचनांमधील अंतराविषयीचा आहे, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये.

प्रश्न मानसशास्त्राहून जुना आहे. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करू निघतो. परंतु दिल्या जाणाऱ्या गाई म्हाताऱ्या, दूध आटलेल्या आहेत हे कुमार नचिकेताच्या लक्षात येते. त्या क्षणी त्याच्यात श्रद्धा शिरली, असे उपनिषद सांगते. मला कोणाला देणार, असे तो बापाला पुनःपुन्हा विचारतो आणि त्रासलेला बाप त्याला मृत्यूच्या स्वाधीन करतो. यानंतर नचिकेताच्या मनात जो विचार येतो तो आश्चर्य वाटावा असा आहे. तो भयाचा नाही, संतापाचाही नाही. तो स्वतःची प्रतवारी करतो : अनेकांमध्ये आपण पहिले असतो, अनेकांमध्ये मधले असतो, मग यमाचे असे कोणते काम आहे की जे बाप आपल्याकडून करवून घेऊ पाहतो? शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात येथे शिष्यवृत्तीचे उत्तम, मध्यम आणि अधम असे भेद मनात धरून, नचिकेत कधी पहिल्या तर कधी मधल्या प्रतीचा ठरतो, अधम मात्र कधीच नव्हे, असा अर्थ लावला आहे. विवेकानंदांना हा प्रसंग अतिशय प्रिय होता. नचिकेताच्या ठायी उपजलेली ती श्रद्धा म्हणजे माणसाचा स्वतःवरचा विश्वास, असा अर्थ त्यांनी आपल्या व्याख्यानांतून वारंवार मांडला आणि या देशाने गमावले आहे ते नेमके हेच, असे बजावले.

विवेकानंदांचा अर्थ त्यांच्या काळाची गरज होती, हे मान्य करूनही उपनिषदाचा पुढचा भाग वाचताना थोडे थांबावे लागते. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेला हा मुलगा पुढे आपल्या प्रतीविषयी एक शब्दही बोलत नाही. यम त्याला हत्ती, घोडे, सुवर्ण, दीर्घ आयुष्य, सारे देऊ करतो. नचिकेताला फक्त प्रश्नाचे उत्तर हवे असते. म्हणजे एकाच कथेत शिकणाऱ्याची दोन रूपे आहेत. एक स्वतःकडे पाहणारे, इतरांच्या रांगेत आपली जागा मोजणारे. दुसरे प्रश्नाकडे पाहणारे, ज्याला रांगेची आठवणच उरलेली नाही. पहिल्यावाचून दुसरे शक्य झाले असते काय? आपण अधमांतले नाही एवढा भरवसा नसता तर हा मुलगा यमाच्या दारात तीन दिवस उभा राहिला असता असे वाटत नाही. परंतु तो भरवसाच कुरवाळत बसला असता तर त्याने हत्तीघोडे घेऊन घर गाठले असते, हेही तितकेच खरे.

आधुनिक काळात या प्रश्नाची मांडणी विल्यम जेम्स यांनी १८९० साली आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात एका अपूर्णांकाच्या रूपाने केली. माणसाची स्वतःविषयीची प्रतिष्ठा म्हणजे त्याचे यश भागिले त्याच्या आकांक्षा. या अपूर्णांकाची किंमत वाढवण्याचे दोन मार्ग आहेत : अंश वाढवावा किंवा छेद कमी करावा. ज्याला गणित येत नाही त्याने गणिताची आकांक्षाच सोडली तर त्याच्या आत्मप्रतिष्ठेला धक्का लागत नाही. शाळेतील मागच्या बाकावरची बेफिकिरी, ‘आपल्याला काय करायचंय शिकून’ हा सूर, आळसापेक्षा पुष्कळदा या छेदाशीच संबंधित असतो. मूल स्वतःला वाचवत असते. न शिकण्यामागेही एक प्रबळ प्रेरणा असू शकते, ही गोष्ट शिक्षकांच्या आणि पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

अंश वाढवण्याऐवजी अपूर्णांकच पुसून टाकावा आणि प्रतिष्ठा थेट वाटून द्यावी, असाही एक प्रयोग विसाव्या शतकात झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली नागरिकांचा, विशेषतः मुलांचा, आत्मसन्मान वाढवण्याच्या उपायांचा विचार करण्यासाठी एक शासकीय समिती नेमली. तिचा अहवाल १९९० साली आला. शाळांशाळांतून मुलांना ‘तुम्ही विशेष आहात’ असे सांगण्याची लाट त्यापूर्वीच उसळली होती; अहवालाने तिला राजमान्यता दिली. पुढे २००३ साली रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा सरसकट आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यासातील यश वाढते या समजुतीला फारसा आधार सापडला नाही. दोहोंत जो संबंध दिसत होता त्याचा मोठा भाग उलट्या दिशेचा निघाला : चांगले जमल्यामुळे मुलांना स्वतःविषयी चांगले वाटत होते. यात नवल नाही. स्तुतीचा पुरवठा सरकारी खात्यामार्फत करता येईल ही कल्पनाच काहीशी विनोदी आहे. मुलांना खोटी स्तुती ओळखण्याची विलक्षण बुद्धी असते, आणि ज्या वर्गात सर्वांनाच ‘शाब्बास’ मिळते त्या वर्गात तो शब्द फळा पुसण्याच्या आवाजाइतकाच निरर्थक होतो.

तथापि यावरून स्वप्रतिमेचा शिकण्याशी संबंध नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सर्वसाधारण आत्मसन्मान ही एक गोष्ट. ‘हे अमुक काम मला जमेल’ हा विशिष्ट भरवसा ही दुसरी. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ सालापासून या दुसऱ्या गोष्टीचा विचार चिकाटीने केला आणि हा भरवसा प्रामुख्याने प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवातून येतो, उपदेशातून फार थोडा येतो, असे दाखवले. हर्बर्ट मार्श यांच्या दीर्घकालीन अभ्यासांतून असे दिसते की एखाद्या विषयातील यश त्या विषयातील स्वप्रतिमा उंचावते आणि उंचावलेली प्रतिमा पुढच्या यशाला हातभार लावते. दोहोंचे येणेजाणे दुतर्फा असते. मराठीत हे फार सोप्या शब्दांत सांगता येते. थोडेसे ‘येऊ’ लागले की ‘आणखी येईल’ असे वाटू लागते, आणि तसे वाटू लागले की माणूस दार उघडे ठेवतो.

आता खरा अवघड भाग. ज्याला आपण स्वप्रतिमा म्हणतो ती ‘स्व’ची कितपत असते?

धोंडो केशव कर्वे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘आत्मवृत्ता’त आलेली एक हकीकत महाराष्ट्रातील अनेक घरांत सांगितली जाते. मुरुडचा हा बुजरा मुलगा परीक्षेसाठी पावसापाण्यातून, घाट ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला गेला. तेथील अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिले, हा मुलगा परीक्षेला लागणाऱ्या सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि त्याला परीक्षेला बसू दिले नाही. ही कथा चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगण्याची रीत आहे आणि ती चुकीची नाही. परंतु तिच्यातील दुसऱ्या माणसाकडेही पाहायला हवे. त्या अधिकाऱ्याचा हेतू दुष्ट नव्हता. त्याने एका क्षणात एका मुलाचे रूप पाहिले आणि त्या रूपावरून निकाल दिला, इतकेच. शाळा नावाची संस्था अशा क्षणांनी भरलेली असते. मुलगा दिसतो कसा, बोलतो कोणत्या बोलीत, आडनाव काय, वडील काय करतात, या साऱ्यांवरून त्याला काय येईल याचा अंदाज रोज बांधला जातो. आणि मूल त्या अंदाजात स्वतःचा चेहरा पाहू लागते. कर्व्यांच्या बाबतीत निकाल वयापुरता होता, बुद्धीविषयी नव्हता, आणि परतीच्या वाटेच्या टोकाला घर होते. पुढे गणिताचे प्राध्यापक होण्याइतके बळ त्यांना पुरले. ज्यांच्याविषयीचा निकाल बुद्धीला आणि जन्माला धरून दिला गेला त्यांचे काय?

शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम तपासणारा सर्वांत गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांचा. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि ही मुले यंदा झपाट्याने पुढे जातील असे चाचणीवरून दिसते, असे सांगितले. वस्तुतः ती नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेली होती. वर्षअखेर, विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत, त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक दिसली, असा त्यांचा १९६८ सालच्या ग्रंथातील दावा होता. त्या ग्रंथावर, त्यातील मोजमापांवर कठोर टीका झाली आणि परिणाम सांगितला गेला तितका मोठा नसावा असे पुढे बहुतेकांना मान्य झाले. त्याहून आपल्याकडे कमी चर्चिला गेलेला, पण या देशाच्या जिव्हारी लागणारा प्रयोग उत्तर प्रदेशातील आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीतील मुलांना कागदावरील भुलभुलैयांची कोडी सोडवायला दिली. २००४ साली मांडलेले त्यांचे निष्कर्ष असे, की मुलांच्या जाती जाहीर केलेल्या नव्हत्या तेव्हा तथाकथित उच्च आणि निम्न जातींच्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्याजोगा फरक नव्हता. सर्वांसमोर नाव आणि जात उच्चारल्यानंतर मात्र निम्न मानलेल्या जातींतील मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घटली. मुले तीच, कोडी तशीच. मध्ये फक्त एक उच्चार आला.

हा उच्चार महाराष्ट्रातील आत्मकथनांच्या वाचकांना नवा नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) उर्मिला पवारांच्या ‘आयदान’पर्यंत (२००३) शाळा हे या लेखनातील एक प्रमुख स्थळ आहे आणि हजेरीपटावरील नाव हा त्यातील एक प्रमुख प्रसंग आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) तर याची आणखी एक बाजू दिसते : वस्तीतल्या पोरांना जुलाब-उलट्या होऊ लागतात तेव्हा मार्तंडचा मुलगा शाळेत जातो म्हणून हे घडते, असे खुद्द जातभाईच म्हणू लागतात. ज्यांना शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले त्यांनी विद्या हीच आपल्या प्रकृतीला न मानवणारी वस्तू ठरवावी, यापेक्षा स्वप्रतिमेच्या घडणीचे अधिक भेदक उदाहरण शोधून सापडणार नाही. येथे शेवटी बोलणारा ‘मी’ असला तरी शब्द त्याचे नाहीत.

बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी दिले जाते. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणे. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्यापाशी बोलावल्यावर फळ्यामागे ठेवलेले डबे उचलण्यासाठी वर्गमित्रांची उडालेली धावपळ. संस्कृत शिकण्याची इच्छा असून फारसी घ्यावी लागणे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रानुसार मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या कोणत्याही शिकवणीवर्गाने या गुणांच्या मुलाला शेवटच्या तुकडीत टाकले असते. १९१३ साली तोच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला आणि १९१५ साली त्याने तेथे एम. ए. केले. यावरून काढला जाणारा सोयीस्कर निष्कर्ष असा, की अपमान हीच खरी प्रेरणा. ज्याच्यात तेज आहे तो ठेच खाऊन उजळतो. हा निष्कर्ष केवळ अपुरा नाही, तो अनैतिक आहे. त्याच गोणपाटावर बसून जी मुले शाळा सोडून गेली त्यांनी आत्मकथने लिहिली नाहीत. अपमानाने किती जणांना पेटवले याची मोजदाद ग्रंथालयात करता येते. किती जणांना विझवले याची करता येत नाही. पहिली यादी हाती घेऊन दुसरीचे समर्थन करणे म्हणजे आगीत तगून राहिलेल्या घरावरून आगीचे गुण वर्णिण्यासारखे आहे.

आंबेडकरांच्या चरित्रातील दुसरा एक प्रसंग या विषयाला अधिक जवळचा आहे. मॅट्रिक झाल्याबद्दल भरलेल्या अभिनंदनाच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्या मुलाला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे त्याच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्दही टाकला. केळुसकर आधीपासून या मुलाला बागेत एकटे वाचत बसलेले पाहत होते. सभेत स्तुती झालीच असेल. सभांतून ती होते. परंतु पुस्तक देणे ही स्तुतीहून वेगळ्या जातीची कृती आहे. स्तुती म्हणते, ‘तू असा आहेस’, आणि ऐकणाऱ्याची नजर स्वतःकडे वळवते. पुस्तक ‘हे वाच’ एवढेच म्हणते. त्यात ‘हे तुला वाचता येईल’ हा भरवसा गृहीत असतो, पण तो उच्चारला जात नाही. आणि न उच्चारल्यामुळेच त्याविषयी शंका घेण्याचे कारण पडत नाही.

छांदोग्य उपनिषदातील हारिद्रुमत गौतमांनी सत्यकामाच्या बाबतीत असेच काहीसे केले होते. गोत्र विचारल्यावर, आई म्हणते तिलाच ते ठाऊक नाही, असे त्या मुलाने सरळ सांगितले. गौतमांनी त्याचा स्वीकार केला, तोही इतके खरे बोलणारा ब्राह्मणेतर असूच शकत नाही असे म्हणून. म्हणजे अपवाद करतानाही नियम शाबूतच ठेवला. हा भाग आधुनिक वाचकाला खटकतो आणि खटकायलाच हवा. पण त्यानंतर त्यांनी त्याला चारशे रोडक्या गाई काढून दिल्या आणि त्यांच्यामागे जायला सांगितले. त्या हजार झाल्यावाचून परतणार नाही, असे सत्यकाम म्हणाला. ही संख्या गुरूने घातलेली अट नव्हती. ती शिष्याची स्वतःची होती.

शिक्षकापुढचा नैतिक पेच येथे आहे. जमणार की नाही हे ठाऊक नसताना मुलाला ‘तुला जमेल’ असे सांगणे हे खोटे बोलणे आहे काय? क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आकृतींची कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या बुद्धीची स्तुती केली गेली, काहींच्या मेहनतीची. पुढच्या अवघड कोड्यांत अपयश आल्यावर बुद्धीची स्तुती झालेली मुले लवकर नाउमेद झाली, आणि आपले गुण इतरांना वाढवून सांगण्याकडे त्यांचा कल अधिक दिसला. ‘हुशार’ हे बिरुद मिळालेल्या मुलाला ते टिकवण्यासाठी खोटे बोलावे लागले, ही बाब ‘ढ’विषयीच्या साऱ्या चर्चेत विसरली जाते. पहिल्या नंबराचा मुलगाही त्याच प्रथमेच्या ‘मी’त अडकलेला असतो, त्याच्या तुरुंगाला फक्त खिडक्या चांगल्या असतात. ड्वेक यांच्या कल्पनांवर पुढे शाळांसाठी जे कार्यक्रम उभारले गेले त्यांचे मोठ्या प्रमाणावर मोजलेले परिणाम माफक निघाले आहेत. ते तसे निघणे स्वाभाविक आहे. मेहनतीची स्तुती हेसुद्धा एक सूत्र झाले की त्यातील प्रामाणिकपणा संपतो. आणि मेहनत करूनही ज्याला येत नाही त्याच्यावर आता मेहनत न केल्याचा आरोप येतो, जो ‘ढ’पेक्षा फारसा दयाळू नाही.

प्रामाणिक शिक्षक बहुधा भाकीत करीतच नाही. तो ‘तुला जमेल’ म्हणत नाही आणि ‘तुला जमणार नाही’ असेही म्हणत नाही. तो उदाहरणातील चुकलेली पायरी दाखवतो. वजाबाकीत हातचा घ्यायचा राहिला, एवढे वाक्य मुलाला स्वतःविषयी काहीच सांगत नाही, म्हणून ते खरे असू शकते. अनेकदा शिक्षकाच्या कोरडेपणात जो आदर असतो तो कौतुकात नसतो. मात्र तो कोरडेपणा सर्वांना सारखा मिळायला हवा. काहींना पायरी दाखवायची आणि काहींना ‘तुमच्याकडून हेच अपेक्षित होते’ म्हणायचे, ही शाळेतली नित्याची घटना आहे, आणि पायरी कोणाला दाखवायची याचा निर्णय वहीवरून कमी, चेहऱ्यावरून अधिक होतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) विद्यार्थ्याच्या स्वप्रतिमेचा प्रश्न अगदी वेगळ्या टोकाने हाताळला. खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकराला वंचित म्हणता येणार नाही. घरची शेती आहे, पैसे येतात. वसतिगृह, मेस, वादविवाद मंडळ, निवडणुका यांत त्याची वर्षे जातात आणि परीक्षांचा निकाल लागायचा तो लागतो. कादंबरीचे निवेदन स्वतःची इतकी टिंगल करते की वाचक हसत हसत तिला आत्मज्ञान समजू लागतो. पण पांडुरंगाचा स्वतःविषयीचा तुच्छभाव हाही एक प्रकारचा स्वतःतच गुंतून राहण्याचा मार्ग आहे. जो स्वतःला सतत हसतो त्यालाही स्वतःवरची नजर हलवता येत नाही. महाविद्यालयातील एकही विषय त्याला ‘येत’ नाही, कारण त्या सगळ्या वर्षांत दारात ‘मी’ उभा आहे. समीक्षेने या कादंबरीतील शून्यतेचा संबंध अस्तित्ववादाशी जोडण्यात पुष्कळ शाई खर्च केली. ती एका न झालेल्या शिक्षणाची गोष्ट आहे, या साध्या बाजूकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

याच्या उलट दिशेला कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी शाळा काढली तेव्हा मुले येईनात. ती गुरे राखायला जात. मुलांना शाळेची ओढ नाही, त्यांच्यात शिकण्याची प्रेरणाच नाही, असा निष्कर्ष काढून अहवाल पाठवता आला असता, आणि तो कोणी फेटाळला नसता. त्याऐवजी शाळा मुलांच्या मागोमाग कुरणात गेली. कुरणशाळा या नावाने ती ओळखली जाते. दगड, बिया, पाने, शिंपले मोजत मोजणी आली, रानातल्या गोष्टींतून भाषा आली. या सगळ्यात मुलांच्या स्वप्रतिमेचे काय केले गेले असे विचारले तर उत्तर असे, की तिला हातच लावला गेला नाही. जे मूल ज्या जागी कर्तबगार होते त्या जागी शाळा जाऊन बसली. गुराख्याला रानात कोणी ‘ढ’ म्हणू शकत नाही. तेथे बाईंनाच पुष्कळ गोष्टी विचाराव्या लागतात.

पण शिकण्याच्या प्रेरणेचा विचार एकट्या मुलापाशी थांबवला तर एक मोठा साक्षीदार हातचा जातो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध वाचताना त्यातील धर्मचिकित्सेचे धाडस डोळ्यांत भरते : वेद जर अमुक एका वर्गाचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे ती मुलगी सरळ विचारते. पण तितकेच लक्षणीय आहे ते तिचे सर्वनाम. अवघ्या काही वर्षांच्या शिक्षणानंतर लिहिणाऱ्या या विद्यार्थिनीने आपण किती शिकलो, आपल्याला काय येते, आपण कोण होणार, यांकडे वळण्याऐवजी निबंधभर ‘आम्ही’ धरून ठेवला आहे. आधुनिक मानसशास्त्र ज्याला आत्मसन्मान म्हणते तो तिच्या ठायी असलाच पाहिजे, नाहीतर हे लिहिणे शक्य झाले नसते. परंतु तो तिच्या लेखनाचा विषय नाही. तिला लिहायला आले आणि लिहिण्याजोगे तिच्याजवळ आधीपासूनच पुष्कळ होते.

शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवू नये असे ठरवले. २०१९ सालच्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. या दोन तारखांच्या दरम्यान जो वाद झाला त्यात एक बाजू म्हणत होती की नापास केल्याने मुलाचे मन खचते, आणि दुसरी म्हणत होती की नापासाची भीती गेल्याने शिकण्याची इच्छाच गेली. दोन्ही बाजूंनी मुलाच्या मनाविषयी पुष्कळ सांगितले. ज्या मुलाला चौथीत वाचायला आलेले नव्हते त्याला पाचवीत वाचायला कोण, केव्हा, किती वेळ शिकवणार होते, याविषयी दोन्हीकडे बोलणे कमी झाले.

प्रगतिपुस्तकात शेऱ्यासाठी जेमतेम एका ओळीची जागा असते. तीत ‘अभ्यासात लक्ष नाही’, ‘सुधारणेस वाव आहे’, ‘प्रयत्न हवेत’ असे काहीतरी लिहिलेले असते. लिहिणारे शिक्षक, वाचणारे पालक, आणि मूल तृतीयपुरुषी. वर्गात पन्नास-साठ मुले असली की ही ओळ पन्नास-साठ वेळा, बहुधा एका बैठकीत, लिहावी लागते आणि हात आपोआप ठरलेल्या शब्दांकडे वळतो. सहीसाठी ते पुस्तक घरी न्यायचे असते. शाळा सुटल्यापासून घर येईपर्यंत ते मुलाच्याच दप्तरात असते, आणि वाटेत ते उघडून वाचू नये असा नियम कोणत्याही शाळेने केलेला नाही.